मोज्याला गुण आला

रविवारी सकाळी साडेआठला क्रीडाकेंद्रात मुलांच्या कोमट पाण्याच्या लहान जलतरण तलावाभोवती मुंगीला शिरायलाही जागा नव्हती. एरवी या वेळी तिथे पन्नासेक पोरं आणि शिट्टी फुंकून दमलेला एक शिक्षक, एवढाच कारभार. आज तीनशे माणसं ओल्या फरशीवर खेटून उभी होती. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या हातात काठी, एक आजोबा तर चाकाच्या खुर्चीत. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या.

पायरीवर पांढराशुभ्र टॉवेली झगा घालून, पाण्याने रोग घालवतो म्हणणारा जलयोगी उभा होता. समोर स्टूल, स्टुलावर काचेचे दोन वाडगे.

"बघा हं, मी घरून काही आणलेलं नाही," तो म्हणाला. "वाडगे इथल्या उपाहारगृहातले. पाणी तुमच्याच तलावातलं. मी कोण? मी नुसता नळ!"

"नळ कसले, समुद्र आहात तुम्ही!" मागून कुणीतरी ओरडलं.

"समुद्र खारट असतो हो. माझ्या घरी विचारा, मीही थोडा आहेच."

लोक खदखदून हसले. हसलेलं माणूस अर्धं पटलेलंच असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दोन्ही वाडगे त्याने तलावात बुडवून भरले आणि एका शिंपीणबाईंना पुढे बोलावलं. मशीन चालवून चालवून त्यांचं मनगट धरलं होतं.

"उजव्या वाडग्यात हात घाला. बोटं मिटा, उघडा. मिटा, उघडा. पाण्याला स्मरण असतं, मन असतं. तुमच्या देहात सत्तर टक्के कोण? पाणी! मग भाऊ भावाला ओळखणार नाही? आज अंग धुऊन नाही ना आलात?"

"नाही हो. तुम्हीच सांगितलंत ना, रोग अंगावर तसाच घेऊन या."

दोन मिनिटं तो डोळे मिटून पुटपुटत राहिला. मग शिंपीणबाईंनी हात काढला. झग्याच्या खिशातून त्याने स्टीलची डबी काढली आणि पांढऱ्या चूर्णाची एकेक चिमूट दोन्ही वाडग्यांत टाकून ढवळली. डाव्या वाडग्यातलं, कुणी न शिवलेलं पाणी बघता बघता गुलाबी झालं. उजव्यातलं मात्र होतं तसंच, नितळ.

"डावीकडे पाण्याचं तेज दिसतंय. उजवीकडचं तेज कुठे गेलं?"

"बाईंच्या अंगात!" तीनशे तोंडांतून एकच आवाज निघाला.

वरच्या मजल्यावरच्या काचेतून केंद्राची व्यवस्थापिका हे बघत होती. काच जाड होती, आवाज वर येत नव्हता. तिला नुसती उघडी तोंडं दिसली. तिने ती पाहिली आणि पुढच्या महिन्याच्या पाळ्या लावायला पुन्हा खाली मान घातली.

पूर्वी ती अशी नव्हती. नवरा गेल्याला चौदा महिने झाले होते. एका सकाळी चहा ठेवून तो खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. दात काढताना दिलेल्या सुईने गाल बधिर होतो, आपलाच ओठ चावला तरी कळत नाही, तसं तिचं आतलं सगळं झालं होतं. काम मात्र चालू होतं. चार तलाव, व्यायामशाळा, खेळाचे दोन हॉल, साठ माणसं, किल्ल्यांचे जुडगे, न्हाणीघरात अडकलेले केस आणि त्यांवरच्या तक्रारी. कागद आला की ती वाचायची आणि सही करायची. 'जलव्यायाम वर्ग, दर रविवारी सकाळी' हा अर्ज तिने असाच वाचला होता, अशीच सही केली होती. आजचा नववा रविवार. रविवारी गर्दी तिप्पट असूनही न्हाणीघरांची फरशी कोरडीच असते, हेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण का, असं तिने कुणाला विचारलं नाही.

दार ढकलून धाकटी बहीण आत आली. मागे तिची अकरा वर्षांची मुलगी. एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत.

"ताई, आनंदाची बातमी! आज अकरा वाजता आपली भिंगरी मोठ्या तलावात पोहणार. एकटी!"

"एकटी म्हणजे?"

"एकटी म्हणजे एकटी. पिवळी टोपी नाही, शेजारी कुणी नाही. मुक्तस्नान म्हणतात त्याला."

भिंगरीला सहाव्या वर्षापासून फिट येत असे. गोळ्या नीट लागू पडल्यापासून दीड वर्ष एकही आली नव्हती. तरी ती पाण्यात उतरायची ती पिवळी टोपी घालून, हाताच्या अंतरावर मोठं माणूस ठेवून आणि जीवरक्षकाला सांगून. हा नियम तिच्या मावशीनेच घातला होता.

"आणि गोळ्या?" मावशीने विचारलं.

"मंगळवारपासून बंद. ते म्हणाले, औषध आणि जल एका देहात नांदत नाहीत."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर काय सांगणार? 'आणखी दोन वर्षं घ्या, मग बघू.' ते 'मग बघू' ऐकून कान किटले माझे."

मावशीला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता, तेवढं तिला जाणवलं. पण डोकं आपलं काम करत होतं, आणि ते सांगत होतं की पाण्यात फिट आलेलं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. ते गुपचूप खाली जातं. एकोणीस वर्षं नव्या जीवरक्षकांना पहिल्या दिवशी ती हेच शिकवत आली होती.

"नाही," ती म्हणाली. "मोठा तलाव मी देणार नाही."

"तो तर तू दिलायस." बहिणीने पर्समधून कागदाची घडी काढून टेबलावर ठेवली. 'समारोप, मोठा तलाव, अकरा ते बारा.' खाली मावशीचीच सही. "आणि आता नाही म्हणालीस तर आम्ही नदीवर जाऊ. तिथे कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही."

"अगं, ऐक तरी."

"तू ऐक! गेल्या रविवारी हिने हात घातलेला वाडगा स्वच्छ राहिला आणि दुसरा गुलाबी झाला. माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलंय. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुला काही वाटत नाही ताई, दगड झालीयेस तू. पण मला वाटतं. माझी पोर बरी झालीय!"

यादीत नाव घालायला बहीण तरातरा खाली गेली. भिंगरी मागे राहिली आणि खुर्चीवर बसून पाय हलवू लागली.

"ते गुलाबी पाणी कसं होतं, नीट सांगशील?" मावशीने विचारलं.

"आधी काहीच नव्हतं. मग चिमूट टाकली आणि ढवळलं. तळाशी पांढरे कण फिरत होते. ते विरघळले तसा रंग आला."

 मावशीने उठून तलावाचं पाणी तपासायची पेटी उघडली. वेष्टनातली पांढरी गोळी काढली, चमच्याच्या मागच्या बाजूने चिरडली. खिडकीपाशी सकाळच्या तपासणीसाठी आणलेल्या पाण्याची बाटली होती. त्यातलं पाणी नळीत ओतून तिने गोळीची पूड टाकली.

"हाच!" भिंगरी खुर्चीतून उडालीच. "मावशी, हाच रंग!"

हा रंग मावशीने हजारो वेळा पाहिला होता. जंतू मारायला तलावात क्लोरीन घालतात. ते पुरेसं आहे का, हे दर दोन तासांनी या गोळीने बघतात. गडद गुलाबी म्हणजे भरपूर, फिका म्हणजे कमी. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

तिने पंपकाकांना वर बोलावलं. तळघरातले पंप आणि गाळण्या सांभाळणारा हा जुना माणूस. दिवसातून सहा वेळा हीच गोळी टाकणारा.

"काका, तुम्ही खालचा प्रयोग पाहिलाय?"

"पाहिलाय म्हणजे? मी स्वतः हात घातलाय. कंबरेसाठी."

"अहो, तुम्ही रोज ही गोळी टाकता! रंग ओळखला नाहीत?"

"ओळखला की. पण मॅडम, गुलाबी होणं आपल्याला नवीन नाही. हात घातल्यावर होत नाही, हे नवीन! आपल्या नळीत हात घालतंय कोण? तुम्हीच पहिल्या दिवशी बजावलं होतं, नळीच्या तोंडाला अंगठासुद्धा लावायचा नाही."

"का लावायचा नाही?"

काकांनी डोकं खाजवलं. "ते तुम्ही नाही सांगितलं. मी नाही विचारलं."

तिलाही तिच्या साहेबांनी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले अंगठा लावू नका, तिने लावला नाही. तिने चाळीस जणांना तेच पढवलं, त्या चाळीस जणांनी लावला नाही. नियम अगदी बरोबर होता. त्याच्या पोटात काय आहे, ते कुणी उघडून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी पाहिलं, आणि तो झगा घालून खाली उभा होता.

बाटलीतलं पाणी दोन पेल्यांत ओतलं. एकात काकांनी हात घालून बोटं हलवली. दोन मिनिटांनी दोन्हींत पूड टाकली. एक गुलाबी, दुसरा नितळ.

"म्हणजे अंगठ्याचा घाम नि तेलच क्लोरीन खाऊन टाकतं," मावशी हळू म्हणाली. "म्हणून मोजमाप चुकतं. म्हणून अंगठा लावायचा नाही."

भिंगरी विचारात पडली होती. "मग हातच कशाला पाहिजे? माझा मोजा चालेल का? दोन दिवस धुतलेला नाही."

चालला. मोजा तर हातापेक्षा झकास चालला.

तेवढ्यात बहीण परत आली. तिला सगळं पुन्हा करून दाखवलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"तुझी गोळी, तुझे पेले. त्यांचं चूर्ण सिद्ध आहे. ते माणसाचा जीव ओळखतं."

"मग त्यांच्याच चूर्णाने बघू," मावशी म्हणाली. "सगळ्यांसमोर. त्याने जीव ओळखला तर मी स्वतः तलावाच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवीन. नाही ओळखला, तर इथून थेट डॉक्टर. कबूल?"

बहिणीने मुलीकडे पाहिलं. "कबूल. तोंडघशी पडशील."

मावशीने शिंपीणबाईंना मुद्दाम गाठलं. आपल्या माणसांनी पाणी भरलं तर लोक म्हणणार, यांचीच हातचलाखी. शिंपीणबाईंचं मनगट हलकं झालं होतं, जलयोगीवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. त्यांना तीन सारखे वाडगे दिले आणि कशात काय करायचं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "करते की. त्यांची परीक्षा म्हणजे सोन्याची परीक्षा!" आणि पडद्याआड गेल्या.

अकराला मोठ्या तलावाभोवती गर्दी दाटली. भिंगरी पोहण्याच्या कपड्यांत आईशेजारी उभी होती. मावशीने दोन जीवरक्षक त्या दोघींच्या मागेच उभे केले होते आणि मग ती पुढे झाली.

"या, या!" जलयोगीने हात पसरले. "या वास्तूच्या स्वामिनीही शेवटी आल्या. चमत्काराशिवाय नमस्कार नाही, म्हणतात ते खोटं नाही!"

"नमस्काराचं नंतर बघू. या तीन वाडग्यांतलं काय कुणाच्या अंगात गेलं, ते तुमचं चूर्ण सांगेल?"

त्याने वाडग्यांकडे पाहिलं, मग शिंपीणबाईंकडे. नेहमीची भक्त पाहून तो सैलावला. "पाणी कधी चुकत नाही."

तीन चिमटी पडल्या. पहिला वाडगा गुलाबी झाला. दुसरा आणि तिसरा नितळच राहिले. गर्दीतून आनंदाची लाट गेली. बहिणीने ताईकडे 'बघ' अशा नजरेने पाहिलं.

"पहिल्याला कुणी शिवलेलं नाही!" जलयोगी गरजला. "या दोन्हींत मात्र दोन जीवांनी आपलं दुःख उतरवलंय."

"कसले जीव? थोडं सांगा ना," मावशीने विचारलं.

त्याने दुसऱ्या वाडग्यावर तळहात धरला, डोळे मिटले. "फार सोसलंय या जीवाने. सतत कुणाच्या तरी दडपणाखाली. गुदमरलाय बिचारा. पण आज मोकळा झाला!" कुणीतरी हुंदका दिला. मग तिसरा वाडगा. "हा वयस्कर आहे. तापट. आतून उकळणारा. तोही आज शांत झाला."

"शिंपीणबाई, सांगा हो."

शिंपीणबाईंचा चेहरा उतरला होता. "तिसऱ्यात कुणीच हात घातला नाही. ते पाणी किटलीत खळखळा उकळून गार केलेलं." त्या थांबल्या. "आणि दुसऱ्यात मी हिचा मोजा बुडवला. मला वाटलं, महाराज ओळखतील."

भिंगरीने गुलाबी पट्ट्यांचा निथळता मोजा उंच धरला.

 मग चाकाच्या खुर्चीतले आजोबा म्हणाले, "म्हणजे दडपणाखाली गुदमरलेला तो मोजा?" आणि हॉलच हसायला लागला. "मोज्याला गुण आला रे!" "उद्या बूट घेऊन या!"

"नकारात्मक ऊर्जा!" जलयोगी ओरडला. "अश्रद्ध माणसांपुढे पाणी बोलत नाही!"

"आत्ताच तर बोललं, कधी चुकत नाही म्हणालात," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. पंपकाकांनी आणलेल्या बाटलीतले क्लोरीनचे दोन थेंब तिने मोज्याच्या वाडग्यात टाकले. तोही गुलाबी झाला. मग तिने खिशातून गोळी काढून सगळ्यांना दाखवली.

"हे चूर्ण म्हणजे ही गोळी, चिरडलेली. तलावाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते. हिला एकच गोष्ट ओळखता येते, क्लोरीन. ते असलं की गुलाबी, नसलं की नाही. उकळल्यावर ते उडून जातं. आणि घाम, तेल, मळ भेटला की त्याच्याशी भिडून ते तिथेच संपतं. हात असो, मोजा असो. अंग न धुता या, असं हे का सांगत होते, आलं ना लक्षात? पाण्याचं तेज तुमच्या अंगात गेलं नाही. तुमच्या अंगाचा मळ पाण्यात गेला."

"मग माझं मनगट?" शिंपीणबाई जवळजवळ रडवेल्या झाल्या होत्या. "ते खरंच हलकं झालंय हो."

"झालं असेल. नऊ रविवार कोमट पाण्यात व्यायाम केलात. ते खरं आहे, चालू ठेवा. त्याला चूर्ण कशाला हवं?"

जलयोगी झगा सावरत बाजूच्या दाराने निघाला. वीसपंचवीस माणसं त्याच्या मागे गेलीही. डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यांनाच दिसतं असं नाही.

सकाळी कागदावर दिसलेली आपली सही मावशीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. "हा वर्ग माझ्या सहीने चालू झाला," ती उरलेल्या लोकांना म्हणाली. "मी एकदाही खाली येऊन पाहिलं नाही. चूक माझी आहे. ज्यांनी ज्यांनी औषधं थांबवलीत, त्यांनी आजच आपापल्या डॉक्टरांना गाठा."

ती लाजली नाही, तिला रडूही आलं नाही. आतली बधिरता होती तिथेच होती. पण विचार करायला आधी काही वाटावं लागतं असं थोडंच आहे?

बहीण बाकावर बसली होती. "सगळ्यांसमोर मला वेड्यात काढलंस."

"तुला नाही. तू एकटी पाच वर्षं रात्रंदिवस हिच्याकडे बघत जगलीस. अशा माणसाला फसवणं सोपं असतं."

"आई," भिंगरी मध्येच म्हणाली, "मला ना, थोडी शंका आली होती. बोटं कशाला हलवायची, असं वाटलं होतं मला. पण मी बोलले नाही. मला वाटलं, खरं असलं तर किती छान."

बहिणीने तिला घट्ट जवळ ओढलं.  मग तिने स्वतःच फोन काढून डॉक्टरांना लावला, काही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच घेऊन या. आणि तोवर पाण्याजवळ अजिबात नाही."

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. तिने एकदा त्या निळ्या, रिकाम्या तलावाकडे पाहिलं आणि कपडे बदलून आली. तिघी निघाल्या. दारापाशी ती थबकली.

"मावशी, डॉक्टरांना विचारू का? गोळी डोक्यात जाऊन नक्की काय करते ते?"

"विचार."

"आणि ती घ्यायचीच का, थांबवली तर काय, सगळं?"

"सगळं विचार. त्यांना कळत असेल तितकं ते सांगतील, नसेल कळत तर तसंही सांगतील. जो विचारूच देत नाही ना, त्याच्या हातचं साधं पाणीसुद्धा घेऊ नकोस."